बरा झालेला मिस्त्री

दशरथ मिस्त्री जिता हाय, हे पयले सांगून देतो. कारन तो मेला अशी बातमी नागपुरातल्या आमच्या अर्ध्या नंदनवन वस्तीत पसरली होती, अन ते माह्यामुळे.

झालं असं, का मिस्त्रीनं दुकानात येनं सोडलं तवा मले वाटलं, त्याचा एक फोटू लावावा. लावला. मंग तो फोटू रिकामा रिकामा वाटे, म्हनून बजारातून प्लास्टिकच्या फुलाचा हार आनून घातला. मले काय मालूम? माह्या घरी देवाच्या फोटूले हार, लग्नाच्या फोटूले हार, पोट्टीच्या पयल्या वाढदिवसाच्या फोटूले बी हार. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं येत, हात जोडत, "कवा झालं?" म्हनून विचारत. मी म्हनो, "होळीच्या नंतर." मले वाटे, दुकान कवा सोडलं ते विचारून राहिले. एक बाई त पदरानं डोळे पुसत कूलरचा पंप घेऊन गेली, घासाघीस न करता. मी मनात म्हनलं, गज्या, तुले धंदा जमून राहिला.

आठव्या दिवशी मिस्त्रीची बायको आली, आमची वहिनी. तिनं हार पाहिला, मंग मले पाहिलं.

"काहून गा गजूभाऊ, माहं कुंकू तुमाले जड झालं काय?"

मी हार काढाले स्टुलावर चढलो. स्टुलाचा एक पाय अधू. हारासगट खाली आलो, हार माह्याच गळ्यात. वहिनी हासली नाई. तवा मले समजलं का गोष्ट गंभीर हाय.

त मिस्त्री जिता हाय. कामठीले त्याच्या बहिनीच्या घराजवळ खोली घेऊन तो अन वहिनी राहतेत. लोकं विचारतेत, "मंग आता काय करते?" मी म्हनतो, काई नाई करत. "बिमार हाय?" नाई, सारे रिपोर्ट साफ हायेत. याच्यानंतर काय विचारावं ते लोकायले सुचत नाई. मले बी सुचत नाई. मी त्याले भेटाले दोनदा निघालो अन दोनदा बसस्टॉपवरून वापस आलो.

आमचं कूलरचं दुकान. "आमचं" म्हनतो, पन दुकान त्याचं, मी हेल्पर. शाळेत मी तिसरीत दोनदा नापास झालो. मास्तर म्हनत, याले पंख्याखाली बसवलं त झोपते, पंखा बंद केला तरी झोपते. असं पोरगं कूलरच्या धंद्याशिवाय कुठं जाईन?

होळी जळाली का घराघरातून एकच आवाज निघते, मिस्त्रीले बोलवा. गच्चीवरून, जिन्याखालून कूलर निघतेत. मागच्या सालच्या, कूलरच्या बाजूले लावायच्या गवताच्या ताट्या वाळून कडबा झालेल्या, टाकीत पालीचं पिल्लू. तवापासून पाऊस पडेपर्यंत मिस्त्री बसत नसे. म्हने, "गज्या, मे महिन्यात मरायचं असन त सकाळी सहाच्या आत मरजो. मंग मले टाइम नाई."

मोटर चालू करून पेचकसाचं टोक तो मोटरीवर टेकवे अन मूठ कानाले लावे. डोळे मिटून ऐके, डॉक्टरवानी. "बुश गेला," म्हने. खोलून पाहा, दांड्याचा बुश झिजलेला. मले बी शिकवलं त्यानं. पन मले एकच आवाज येये, माह्या पोटाचा.

अन कूलर लावायच्या पयले तो घरच्यायले विचारे, "इथं झोपते कोन?" बायका लाजत. तो चिडे. "अवं वहिनी, हवा कोनाले लागू द्याची ते सांगा. बुढा असन त पायाकडून देतो, लेकरू असन त हवा भिंतीवर मारून देतो." ज्याची झोपायची जागा असन तिथं सोता आडवा होये. परक्याच्या पलंगावर, चपला काढून, दोन मिनटं. मंग उठून जाळी वाकवे. मी बी एकदा असाच आडवा होऊन पाहिलं. दोन तासानं घरवाल्यानं उठवलं, चहा पाजला अन विचारलं, "कूलर लावता का आता?"

एक रिटायर मास्तर होते, बायको वारलेली. त्यायनं नवा कूलर घेतला अन आठ दिवसात तीनदा तक्रार केली, झोप येत नाई, कूलरमदी काईतरी खराबी हाय. दोनदा मी गेलो. खराबी काईच नाई. मी म्हनलं, "मास्तर, झोपेची गोळी घ्या," त त्यायनं मले घरातून काढलं. तिसऱ्यांदा मिस्त्री गेला. पलंगावर आडवा झाला. मंग विचारलं, "जुना कूलर आवाज करे काय, मास्तर?"

"लय खडखडे. ही त रोज त्याच्यावरूनच भांडे माह्यासंगं."

मिस्त्रीनं पेचकस काढला. उठला अन जाळीचा एक पेच आर्धा फेर ढिला केला. कूलर खडखडाले लागला. मास्तर पलंगाच्या काठावर बसून ऐकत राहिले. आम्ही निघालो त "या" बी नाई म्हनलं त्यायनं.

रस्त्यात मी म्हनलं, "मिस्त्री, चांगला कूलर बिघडवून आलो आपन."

"तू चूप बस बे. खर्रा काढ."

खर्रा म्हंजे तंबाखू, सुपारी अन चुना पन्नीत घोटून केलेला. पानठेल्यावरून तो आनाले मीच जाओ. दोन पुड्या त्याच्या, दोन माह्या, अन संध्याकाळी एक वाटून. मंग त्याच्या गालात आतून जखम झाली, भरेच ना. मी म्हनलं, "तिखटानं झाली असन." इतका हुशार डॉक्टर मी. दवाखान्यात तुकडा काढून तपासला त कॅन्सर. जबड्याचं ऑपरेशन झालं, मंग महिनाभर मशीनीचा शेक, रेडिएशन म्हनतेत ते. तोच खर्रा, तोच पानठेला, त्याच हातानं आनलेला, अन माह्या तोंडाले काईच नाई झालं. बिमारीनं बी माहं तोंड पाहून म्हनलं असन, याच्यात अजून काय खराब करू? त्या दिवशीपासून खर्रा सोडला मी. आतापर्यंत आठ वेळा सोडला.

त्या सालचा सीझन मी एकट्यानं केला. एका घरी पंपाचा पाइप मी ताटीवर सोडायच्या जागी खोलीत सोडला. पूर्ण घराची गादीवरच आंघोळ. दुसऱ्या घरी पंखा उलटा फिरवला, घरची हवा बाहेर जाये. रस्त्यावरचे लोकं खिडकीपाशी थांबून हवा खात. मी दवाखान्यात जाऊन हे सारं मिस्त्रीले सांगो. त्याले बोलता येत नसे, मान हालवे. मले वाटे तो हासून राहिला.

पुढच्या होळीले मिस्त्री दुकानात आला. एका बाजूचा गाल आत गेलेला. बोलनं जरासं बोबडं. तोंडात थुंक बनत नाई म्हनून दर दोन वाक्याले पान्याचा घोट. पन रिपोर्ट साफ. गल्लीवाल्यायनं नारळ फोडला, पेढे वाटले. पानठेलेवाला बी आला, दुरूनच नमस्कार करून गेला. सगळे एकच म्हनत, "चला मिस्त्री, आता पयल्यासारखं!"

हात पयल्यासारखेच होते. तेच त मले समजत नव्हतं. मोटर उघडली का एक एक पुरजा पेपरावर लायनीत मांडे, पुसे, पाहे. मंग पाहतच राहे, दुसऱ्याच्या घरचे भांडे कोनी चुकून आपल्या घरी आनून ठेवावे तसा. "उद्या लावू," म्हने. ते बी दुपारच्या दोन वाजता, भर धंद्यात. आंगात ताकद नाई असं बी नाई, टाकी एकट्यानं उचले.

गिऱ्हाइक म्हने, "मिस्त्री, घरात लेकरू हाय हो." पयले या एका वाक्यावर तो हातातला घास ठेवून पळे. आता म्हने, "हो, हाय ना," अन पान्याचा घोट घेये.

लोकं आठ दिवस थांबले. मंग समोरच्या चौकातल्या दुकानात जाऊ लागले. जाताना मान खाली घालून जात, आम्ही पाहू नये म्हनून.

मले भेव वाटे. पयले दुकानाचं वाटलं, खोटं काहून बोलू. मंग एक दिवस वहिनी त्याचा डबा घेऊन आली. पातळ वरन अन गिल्ला भात, आता तेवढंच जाये त्याले. मिस्त्री मागं हात धुवाले गेला तवा ती म्हने, "गजूभाऊ, घरी बी असाच बसते. चहात साखर कमी पडली त हा मानूस कप आपटे. काल मी साखर टाकाचीच भुलली. पूर्ण पेला अन कप धुवून ठेवला."

"मंग चांगलंच हाय ना वहिनी, कप धुवून राहिले."

तिनं मले असं पाहिलं का मी डबा उघडून पाहू लागलो.

मंग मी अक्कल लावली. माह्या आयुष्यात मी जवा जवा अक्कल लावली, तवा कोनाचं ना कोनाचं नुकसान झालं. मले वाटलं, लोकं येत नाई म्हनून याचं मन लागत नाई. अशी खराबी पाहिजे जी फक्त यालेच सापडन. गल्लीत तीन घरं ओळखीचे. ताट्या पाहाच्या बहान्यानं गेलो अन तिन्ही कूलरात मोटरीची तार आतून तोडून आलो. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या मायनं सरबत देल्लं, "कितीक कायजी करतं बाप्पा" म्हनून. पेलो मी.

दुपारी तिन्ही घरून बोंब आली. मी म्हनलं, "मले त समजून नाई राहिलं, मिस्त्री. तुम्हीच पाहा." हे सगळ्यायले खरं वाटलं, कारन मले कदीच समजत नाई.

मिस्त्री उठला. पिशवी खांद्याले लावली. माहं काळीज कसं नाचलं! पयल्या घरी त्यानं हात आत घालून तार ओढली, उजेडात धरली, पाहिली, जोडली. दुसऱ्या घरी बी तसंच. तिसऱ्या घरी त पाहिली बी नाई, सरळ जोडली. अर्ध्या तासात तिन्ही कूलर चालू. मंग त्या घरासमोरच्या ओट्यावर बसला अन म्हने, "तुही पक्कड दाखव."

माह्या पक्कडीचा एक दात तुटका. तिनं तार तोडली का एक बाजू चपटी राहते. पूर्ण नागपुरात अशी पक्कड माह्यापाशीच असन, दुसऱ्यानं कवाच फेकली असती.

मले वाटलं, आता थापड पडते. पयले पडे. पडली असती त बरं झालं असतं.

"बस," म्हने. "काहून केलं बे?"

"तुमाले काम आवडे म्हनून."

"आवडे." पान्याचा घोट घेतला. "मले बी आठवते, आवडे म्हनून."

समोरच्या घरातला कूलर आता चालू होता, त्याची हवा दारातून आमच्या पायावर येत होती.

"शेक देतेत तवा काय करतेत, मालूम हाय तुले?"

"नाई. मी त बाहेर बाकड्यावर झोपलो राहो."

"तोंडावर जाळीचा मुखवटा टाकतेत अन टेबलाले कसून देतेत, मुंडकं हालू नये म्हनून. मंग सारे बाहेर जातेत. नर्स जाते, डॉक्टर जाते, मशीन चालवनारा बी जाते. दार बंद. खोलीत आपन अन मशीन. रोज."

"भेव वाटे?"

"पयले दोन-चार दिवस वाटलं. मंग मी मशीनीचा आवाज ऐको. चांगला आवाज होता, कुठं घासत नव्हती." तो हासला, एकाच गालानं. "अन एक दिवस ध्यानात आलं, का मले कोनाची याद येऊन नाई राहिली. तुह्या वहिनीची नाई, दुकानाची नाई. भर सीझन, तू तिकडे लोकायले आंघोळी घालून राहिला, मले सारं मालूम. तरी बी नाई. एकदम मोकळं. अन गज्या, बरं वाटलं मले. तेच वाईट झालं."

"बरं वाटलं त वाईट काय झालं?"

"सगळे म्हनतेत दशरथ वापस आला. मी त त्याच खोलीत हाव अजून. दार उघडं हाय, दिसते मले. बाहेर तुम्ही सारे उभे, हात हालवून राहिले. पन उठून दारापर्यंत जावं, असं काई वाटत नाई बे."

इतकी मोठी गोष्ट त्यानं कोनाले सांगितली नव्हती, वहिनीले बी नाई. अन सांगितली त कोनाले, मले! दुसरा कोनी असता त दोन शब्द शहानपनाचे बोलला असता. मी म्हनलं, "मिस्त्री, उसाचा रस पेता काय?"

त्यानं पिशवी उचलली. "चाल," म्हने. "बर्फ नोको म्हना."

एप्रिलात कामठी रोडवरच्या मुलींच्या होस्टेलचा फोन आला. तिथले सारे कूलर दर साली आमच्याकडे. मॅडम सरळ बोलल्या, "मिस्त्री स्वतः येणार असतील तर या. मागच्या वर्षी तुम्ही आला होतात, मुली अजून आठवण काढतात." ते काम गेलं असतं त दुकान बी गेलं असतं. पन माह्या मनात दुसरंच होतं. मले वाटे, चार मजले भरून कूलर पाहिले त याच्यातलं काईतरी जागं होईन. नाई झालं त मंग कशानंच नाई होनार. या वेळी मी अक्कल लावली नाई, सरळ विचारलं.

तो म्हने, "येतो."

अन काय काम केलं त्यानं त्या दिवशी! पयल्या तीन खोल्या दीड तासात. मी ताट्या भिजवून देऊन राहिलो, तो लावून राहिला. एक शब्द वाया नाई, एक पेच खाली पडला नाई. मले वाटलं, झालं! आला मानूस! मी इतका खुश झालो का त्याच्या पिशवीतच पाय घातला. तिसऱ्या खोलीत कूलर चालू झाला त तिथली एक पोट्टी, परीक्षेची वही हातात, कूलरसमोर जाऊन उभी राहिली, डोळे मिटून. तिचे केस मागं उडाले. म्हने, "काका, चार रात्री झोपली नाही मी. आज झोपणार."

"झोपजो माय," मिस्त्री म्हने.

मंग आम्ही गच्चीवर गेलो, तिथं बाकीचे कूलर मांडून ठेवले होते. तो पान्याच्या टाकीच्या सावलीत बसला.

"पोट्टी खुश झाली ना?"

"लय खुश झाली, मिस्त्री!"

"हो. पाहिलं मी. समजलं मले, का ही खुश झाली." घोट घेतला. "नुसतं समजलं. पयले ते आंगात येये, गज्या. असा काटा येये हातावर. त्याच्यासाठीच त पळो मी. लोकायले वाटे पैशासाठी पळते."

त्यानं आपला हात उलटासुलटा करून पाहिला, जसं का त्याच्यावर अजून काई उगवन.

"काम सारं बरोबर केलं ना मी आज?"

"एकदम बरोबर."

"मंग झालं." तो उठला. "बाकीचे तू कर."

"मले जमन काय?"

"नाई जमनार. तरी कर."

पिशवी त्यानं तिथंच ठेवली, नुसती पान्याची बाटली घेतली. "मी कामठीले ताईकडे जातो. वहिनीले सांगजो, घाबरू नोको म्हना. चार दिवसानं यावंसं वाटलं त तू बी ये म्हना."

"अन दुकान?"

"उघडजो सकाळी."

"मिस्त्री, तुम्ही जेवून त जा..."

पन तो जिन्यात होता. त्याच्या चपलांचा आवाज चारही मजले ऐकू आला. घाई नाई, थांबनं नाई. मी गच्चीच्या कठड्यापाशी गेलो, हातात भिजलेली ताटी तशीच.

खाली दोन वाजताचं ऊन. रस्त्यावर कोनी नाई, तो एकटा. शहराकडे जानारे ऑटो त्याच्यापाशी येऊन हळू होत, ड्रायव्हर आवाज देत, तो हातानंच नाई म्हने. मले वाटलं, वरून हाक मारावी. पन हाक मारून सांगावं काय? त्याले जे पाहिजे ते माह्यापाशी असतं त मी चार मजले उड्या मारत नेऊन देल्लं असतं. अन नाई ते ओरडून काय फायदा?

मंग त्यानं रस्ता ओलांडला. कामठीकडे जानारा शेअर ऑटो आला, भरलेला. मागची उलटी सीट तेवढी रिकामी होती, तिच्यावर तो बसला. ऑटो सुटला. त्या सीटवर बसनाऱ्याचं तोंड मागं राहते, म्हनून तो दूर दूर जाये, पन पाहे इकडेच. मी हात हालवला त ताटीचं सारं पानी माह्याच डोक्यावर आलं. डोळे पुसून पाहिलं, त त्याचा हात कपाळावर होता. ऊन आडवाले नेला होता का मले पाहून, ते इतक्या दुरून समजत नव्हतं. मी आपलं मले पाहून, असंच धरलं.